गोठ्याची पट्टी

बोरी, मंगळवार, दिवेलागण

घरपट्टी नव्यानं लावायची म्हणून आज ग्रामपंचायतीची माणसं घर मोजून गेली. मागच्या खोलीत सासूबाई राहतात. तिकडं बोट करून हे म्हणाले, "तो गोठा हाय, साहेब." गोठ्याला पट्टी कमी बसते ना! तेवढ्यात आतून खोकला आला. "म्हैस हाय, आजारी." म्हैस! स्वतःची आई! साहेबांनी ओळखलं, तरी गोठाच लिहून घेतला. आणि मी? तोंडाला पदर लावून हसलेच की.

ते गेल्यावर हे मला म्हणाले, "पुढच्या टायमाला तिला खोकू देऊ नको."

आत्ता ताट घेऊन गेले, तर सासूबाईंनी ते परत सरकवलं.

"भाकर कशाला आणलीस गं? कडबा टाक की."