कुठल्या तुम्ही?

हद्दीचा नाका,
१२ नोव्हेंबर १९५८

प्रिय मिंगेल,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, त्याला ड्यूटीचं निमित्त सांगत नाही. परवा मालवणला जाऊन आलो. तुझी आई गेल्यापासून तुझे वडील पडवीत जाळं विणत बसतात, कुणी बोललं तर मान हलवतात. मीही जेवतो, पहारा देतो, झोपतो. रडू काही येत नाही.

आमच्या नाक्यावर हल्ली कागदाशिवाय कुणालाच गोव्यातून इकडे सोडत नाहीत. त्याला कारण मीच. गणपतीच्या सुमारास एकाने आईचं बारावं आहे म्हणून गयावया केली. बोली आपलीच. मी साहेबांना म्हटलं, आपला माणूस आहे, सोडा. माझ्या जोडीच्या शंकरने तरीही त्याचा तेलाचा डबा उघडला, तर आत सोनं. पळताना त्याने शंकरच्या हातावर कोयता चालवला. दोन बोटं गेली. नियम बरोबर आहे, मिंगेल, हे मी आजही म्हणतो.

त्यानंतर महिन्याभराने तुझी आई, आपली वेरोनिकाकाकी, नाक्यावर आली. आजारी बहिणीला पेडण्याला भेटून मालवणला परत निघालेली. होडीत पाणी शिरून तिच्या परवान्याचा लगदा झाला होता. साहेब साताऱ्याकडचे. त्यांनी विचारलं, "कुठल्या तुम्ही?" आता आपल्याकडच्या बाईला असं विचारलं तर ती काय सांगणार? लग्नाला चाळीस वर्षं होवोत, ती माहेरच सांगते. माझी आईही तेच सांगते. वेरोनिकाकाकी म्हणाली, पेडण्याची. साहेबांनी वहीत लिहिलं, राहणार पेडणे, गोवा. परत पाठवावे.

ती परत गेली. चार दिवस पलीकडच्या काठावर एका खोपीत थांबली, दुसरा कागद मिळेल म्हणून. तिथेच ताप भरला. बहिणीच्या घरी नेलं, पण उपयोग झाला नाही.

गावात सगळे म्हणतात, माहेरी मरण आलं, नशीबवान बाई. तूही तेच लिहिलंस, की आई हौसेने माहेरी राहिली आणि समाधानाने गेली, एवढंच मला पुरे आहे. म्हणून हे पत्र. ती राहिली नव्हती रे. घरी यायला निघाली होती. साहेबांनी वही मिटली तेव्हा ती माझ्याकडे वळली. "धोंडू, माजा घर खंय आसा ता ह्यांका सांग रे." तुझ्याबरोबर मलाही धपाटे घालून जेवायला बसवणारी ती. मला शंकरचा हात दिसत होता. साहेब बघत होते. मी ऑफिसच्या मराठीत म्हटलं, "कागद आणा, बाई."

तुझाच म्हणवायचा हक्क उरला असेल तर,
धोंडू