न बांधलेल्या घराचा तडा

तीर्थरूप काका,

तुमच्या पुतण्याचा वाकून नमस्कार, आणि काकूला दुसरा, जरा जास्त वाकून. गुडघे कसे आहेत? खोकला गेला का? शेजाऱ्याच्या कुंपणाच्या भिंतीचा वाद कुठवर आला? (ती भिंत वाकडीच आहे, मी तुमच्याच बाजूचा आहे, पण ओळंबा घेऊन रोज त्याच्या दारात उभे राहू नका.) फोन करायचा तर तुम्ही तिसऱ्या वाक्याला "बरं, ठेवतो" म्हणता, आणि माझी हकिकत तीन वाक्यांत मावणारी नाही, म्हणून हे पत्र. थोडक्यात सांगायचं तर एका मुख्याध्यापिकाबाईंचं घर माझ्या हातून अडकलं आहे आणि ते सोडवायला अनुभवी गवंडी हवा आहे. सविस्तर सांगतो, चहा घेऊन बसा.

मी "कॉम्प्युटरवर काहीतरी" करतो असं तुम्ही लोकांना सांगता. ते काहीतरी म्हणजे घर बांधायच्या आधीच त्याचा फोटो काढणं. नकाशावरून कॉम्प्युटरमध्ये भिंती उभ्या करायच्या, सूर्य हवा तिथे टांगायचा, काचेला काचेसारखं आणि काँक्रीटला काँक्रीटसारखं वागायला लावायचं, ते इतकं की बघणाऱ्याने विचारावं, भाड्याने देणार का? आमचे आर्किटेक्ट साहेब (ऑफिसात त्यांना काटकोन म्हणतात, त्यांच्या माघारी) घरं काढतात ती सगळी एका वळणाची: सपाट छप्पर, उघडं काँक्रीट, भिंतभर लांब खिडकी, नक्षी औषधालाही नाही. त्यांचं एक घर बघून तुम्ही म्हणाला होतात, "गिलावा करायचा राहिलाय का रे?" तो प्रश्न मी अजून साहेबांपर्यंत पोचवलेला नाही.

तर या बाई. वय सत्तर. सगळी नोकरी शाळेच्या क्वार्टरमध्ये काढली, नंतरची वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत, जिथे भिंतीला खिळा ठोकायचा तर घरमालकाला विचारावं लागतं. स्वतःच्या भिंतीत मनाला येईल तिथे खिळा ठोकायचा, एवढीच त्यांची इच्छा. साहेबांनी त्यांना चार खोल्यांचं टुमदार घर काढून दिलं आणि मी तीन आठवडे खपून त्याचं चित्र केलं. पांढरंशुभ्र, लखलखीत, गवताची पातीसुद्धा भांग पाडल्यासारखी. बाईंनी चष्मा लावून ते नीट पाहिलं आणि विचारलं, "छान आहे. दंतवैद्य कधी येतात?"

साहेब दुखावले. बाई म्हणाल्या, तसं नव्हे, मी त्यात दहा वर्षं राहिल्यावर ते कसं दिसेल ते दाखवा, म्हणजे मला कळेल की मला तिथे राहायचंय की नाही. काका, शाळा सोडल्यापासून मला इतका चांगला गृहपाठ कुणी दिला नव्हता! मी पायरीवर चपला ठेवल्या, कठड्यावर टॉवेल वाळत घातला, खिडकीच्या खाली पावसाच्या पाण्याचे ओघळ सोडले, दाराच्या कडीपाशी हाताचा मळ लावला आणि पश्चिमेच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून वर जाणारा एक झकास तिरका तडा दिला. (असल्या गोष्टी आम्ही मनाने काढत नाही. खऱ्याखुऱ्या भिंतींचे फोटो जमवून ठेवतो आणि त्यांची सालं आमच्या भिंतींना चिकटवतो. माझ्या संग्रहात नुसत्या ओलीचे तीनशे नमुने आहेत.) तडा दिसताच साहेब पाणी प्यायला म्हणून उठले ते बराच वेळ आलेच नाहीत. बाई मात्र चित्रासमोरून हलेनात. "हे माझं घर," म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, माझेही आले.

इथे थांबलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण बाईंना जन्मभराची सवय, अर्जाला काहीतरी जोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. बांधकामाच्या परवानगीच्या अर्जाला त्यांनी ते चित्र जोडलं आणि कुणाला न सांगता स्वतः नेऊन दिलं. आठवड्याने नोटीस आली: आपण विनापरवाना घर बांधले आहे, खुलासा करावा. चार दिवसांनी दुसरी: सदर घर धोकादायक स्थितीत असून ते सात दिवसांत रिकामे करावे. बाईंनी दोन्ही नोटिशींतल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनने दुरुस्त करून त्या परत पाठवल्या. त्याने प्रकरण निवळलं नाही.

मग पाहणीला कचेरीतून इंजिनियर आले. सज्जन माणूस, हातात फाइल, फाइलीत माझं चित्र. जागेवर कमरेएवढं गवत आणि पाण्याची एक रिकामी टाकी. त्यांनी चित्राकडे पाहिलं, गवताकडे पाहिलं, चित्र उलटं धरून पाहिलं. "घर कुठंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अजून बांधायचंय. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "मग पाडलं कधी?" तिसरी नोटीस विनापरवाना बांधलेलं धोकादायक घर विनापरवाना पाडल्याबद्दल होती.

हसू नका. हे मिटत नाही तोवर बाईंना परवानगी मिळणार नाही, अर्जाची मुदत महिनाअखेर संपते आणि मग सगळं पहिल्यापासून. सत्तरीच्या बाईला पहिल्यापासून म्हणणं सोपं नाही, आणि साहेबांनी मला बोलावून सांगितलंय की घर उभं राहिलं नाही तर तूही इथे उभा राहणार नाहीस. कचेरीतल्या मोठ्या कारकुनांनी वाट दाखवली. ते म्हणाले, "घर नाहीच, असा रकाना आमच्याकडे नाही हो. तडा बुजवला, असा आहे." तेव्हा जुन्याजाणत्या गवंड्याने तडा बुजवल्याचा दाखला सहीनिशी द्यायचा, की फाइल बंद. मी कॉम्प्युटरवर तो तडा दोन मिनिटांत बुजवला, पण माझ्या सहीला कोण विचारतो? चाळीस वर्षं भिंती बांधलेला, ज्याची एकही भिंत ढळली नाही असा माणूस आपल्या घरात एकच.

तेव्हा काका, या. काकूला साक्षीला आणा. सरकारी काम आहे, महिनाभर तरी मुक्काम होईल असं धरून कपडे घ्या, औषधं घ्या, घराची कागदपत्रंही बरोबर असू द्या. खोली झाडून ठेवली आहे, खाट भिंतीपासून लांब लावली आहे, जिना चढायचा नाही. बाई तुम्हाला भेटायला उत्सुक आहेत. गिलाव्याबद्दलचं तुमचं मत त्यांना कळलंय, आणि त्या तुमच्याच बाजूच्या निघाल्या.

तुमचा,
काहीतरी करणारा पुतण्या

ता. क. पत्र वाचून पाहिलं आणि लाज वाटली. तुम्ही नुसत्या डोळ्यांनी भिंत वाकडी आहे हे ओळखता, तिथे माझी थाप कुठे टिकणार? फाइल मंगळवारीच बंद झाली. कुठल्याशा दुसऱ्या गवंड्याने एका कप चहाच्या बदल्यात सही दिली. बाईंना परवानगी मिळाली आणि माझी नोकरीही शाबूत आहे. पण त्या दिवशी इंजिनियर माझ्या टेबलाशी येऊन बसले. मी त्यांना कॉम्प्युटरवर भिंत लावून दाखवली, काढून दाखवली, ते पोट धरून हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "घर तुझ्या मनातलं आहे, पण हा तडा मनातला नाही. वर रुंद, खाली निमुळता. या भिंतीचा कोपरा खाली बसतोय. कुणाची भिंत ही?" काका, ती तुमच्या झोपायच्या खोलीची आहे. तुम्ही बांधलेली भिंत हलणार नाही हे मलाही मान्य आहे. भिंत हललेली नाही, तिच्याखालची जमीन हलली आहे, आणि जमीन तुम्ही बांधलेली नाही. आज, आत्ता, हे पत्र खाली ठेवून, खाट तिथून हलवा.

आणखी एक ता. क. तो फोटो मला काकूने पाठवला होता, गेल्या वर्षी. खाली लिहिलं होतं, "बघ रे जरा." मी पाहिला, रंग पाहिला, ओघळ पाहिला, आणि उत्तर पाठवलं, "मस्त!" त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही. रविवारी सकाळी आठला इंजिनियरांना घेऊन गाडीने येतोय. तुम्हाला भांडायचं असेल तर परत येताना गाडीत भांडू, रस्ता दोन तासांचा आहे. आणि काकूला सांगा, बघितलं.