बिनपायांचा पक्षी

सोमवार, ३ मार्च
आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मला ‘आजी’ म्हटलं गेलं. एवढं सोडलं तर वृद्धनिवासातला पहिला दिवस झकास. खोली पूर्वेची, पलंग कुरकुरत नाही, खिडकीत माझी पेन्सिलींची बरणी ऐटीत बसली आहे. पलंगासमोर चौकटीत एक साधं नक्षीचित्र: कुंडी, वेल, वेलीवर पक्षी. शेजारच्या खोलीत राहणाऱ्या निवृत्त नर्सबाईंकडेही तेच.

अपमान केला तो इथल्या समुपदेशक बाईंनी. नुसती मधाची बाटली. वही उघडून विचारतात, आजी, चित्र बघून मनात काय येतं? मी म्हटलं, छत्तीस वर्षं चित्रकला शिकवली आहे, मला ‘बाई’ म्हणा. आणि आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर सांगायच्या, दिसतं तेवढंच बोलावं. मला चूक दिसते. पक्ष्याला पाय काढायचे राहिलेत. त्यांनी हसत लिहून घेतलं: ‘पक्ष्याला पाय नाहीत.’

मंगळवार, ४ मार्च
नर्सबाईंची नोकरी संपली, पण जीभ अजून सुईसारखी. चहाला म्हणाल्या, त्या मधाळबाईला सांगून टाकलं, वेलीने मान टाकलीय. तेवढीच तिची हौस फिटली. दुपारी त्यांची स्वतःची मान खांद्यावर कलली, ती काही केल्या सरळ होईना. डॉक्टर म्हणाले, वय झालं.

माझेही पाय जड आहेत. कालची सामानाची ओढाताण असेल.

बुधवार, ५ मार्च
पलंगावरून उतरायला गेले ती थेट फरशीवर. पाय दिसतात, पण ते माझे नाहीत.

नर्सबाईंनी सांगितलं, मधाळबाईने लिहिलं, तसंच झालं. मी सांगितलं, तिने लिहिलं. एवढं कळायला मी काही ढ नाही.

मग काय, रडत बसू? छट्! सफाईच्या मावशींकडून चित्र उतरवून घेतलं आणि पक्ष्याला पाय काढायला घेतले. डावा झाला तोच माझ्या डाव्या पायाचा अंगठा हलला. उजवा उद्या.

गुरुवार, ६ मार्च
सकाळीच मधाळबाई आल्या. चित्र नेलं. पेन्सिली नेल्या. चांगलं फैलावर घेणार म्हणून मी तोंड उघडलं, तर त्यांनी वहीच माझ्यापुढे धरली. शाई ओली होती. ‘पक्षी गप्प आहे.’

तेव्हापासून आवाज नाही. ओठ हलतात, बस्स.

शुक्रवार, ७ मार्च, दुपारी साडेचार
नर्सबाई गेल्या. मावशी सांगत होत्या, त्यांच्या चौकटीत आता नुसती कुंडी—

पेन उशीत लपवलं होतं. तोंड बंद केलं म्हणजे मी संपले असं वाटलं असेल मधाळबाईला. माझा हात चालतो अजून.

पानाच्या समासात मीही एक साधं चित्र काढलं. मधाळबाईचा चष्मा, तिचं गोड हसू. हात मुद्दाम काढले नाहीत.

पावणेपाच. बाहेर वही पडल्याचा आवाज. मग किंकाळी—

दार वाजतंय. हाताने नाही. कपाळाने—

‘बाई,’ म्हणतेय. आता बरं ‘बाई’ सुचलं!

दार ढकलून आत आली की हेच पान तिच्यापुढे धरणार: माझ्यावर लिहिलेली दोन्ही वाक्यं खोडा. खोडल्याचं लेखी कळवा. आज, पाचच्या आत. पेन दातांत धरा, पण लेखी—