खाडीवाला

३ नोव्हेंबर, मुरुड
अखेर समुद्र! पुण्यात नोकरीसाठी चपला झिजवल्या आणि मिळाली ती अशी, माडीच्या खिडकीतून पाणी दिसणारी. घरमालकीण सत्यवतीबाई आणि त्यांचा मुलगा निकेत खाली राहतात. निकेतची स्वतःची होडी आहे. आल्या आल्या बाईंनी तळलेली मांदेली पुढ्यात ठेवली. नको म्हणायची सोयच नव्हती. इंटरनेटवर अतिरेकी माणसं कशी गाठतात ते शोधायचं, हे माझं काम. सरकारी आहे, पण कंत्राटी. बाईंना फक्त 'कॉम्प्युटरचं' असं सांगितलं.

६ नोव्हेंबर
ऑफिसात प्रज्योत सरांनी काम समजावलं. एक खोटं खातं चालवायचं. सरकारवर चिडलेला, चोरवाटा ठाऊक असलेला एक होडीवाला. त्याला कोण गाठतंय ते बघायचं. मी नाव ठेवलं 'खाडीवाला'. माझा मजकूर वाचून सर म्हणाले, हा सदाशिव पेठेत जन्मलेला दिसतो, जरा जीव ओत त्यात.

१४ नोव्हेंबर
जीव शोधायला लांब जावं लागलं नाही. निकेत अंगणात जाळं शिवता शिवता सगळ्यांना शिव्या घालतो. मोठ्या बोटी मासे ओरबाडून नेतात, साहेब लोक ऐकत नाहीत. मग उठतो आणि हसत क्रिकेट खेळायला जातो. मी वर येऊन तेच टाइप करते, फक्त हसणं गाळते. आज त्याच्या हातांचा फोटोही टाकला. उजव्या अंगठ्याचं नख दोरीनं कधीच नेलेलं आहे. चेहरा नाही, तेव्हा बिघडतं काय! सर खूश. मीही.

२५ नोव्हेंबर
मासा लागला! एकजण विचारतोय, दिघीच्या खाडीत माल गुपचूप उतरवता येईल का. सर म्हणाले, हो म्हण. मी लिहिलं, आण, उतरवतो.

१ डिसेंबर
निकेतला सकाळी जेट्टीवरून उचललं. बाहेरच्या कुठल्याशा पथकानं. सरांकडून कळलं, आमचा 'मासा' म्हणजे त्या पथकाचंच खोटं खातं होतं. दोन सरकारी गळ एकमेकांत अडकले आणि अंगठ्याच्या फोटोवरून या बिचाऱ्याला नेलं. सरांना म्हटलं, खातं आपलं आहे हे आत्ताच्या आत्ता कळवा. ते म्हणाले, असं खातं कागदोपत्री नसतं, बघू. आणि पासवर्ड बदलून टाकला.

३ डिसेंबर
बाई जेवत नाहीत. माझा हात धरून म्हणाल्या, माजा पोर कुनाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय. तुला त्या कॉम्प्युटरमधलं कलतं, तूच काय ते बघ. मी मान डोलावली. स्वतःची शिसारी आली.

५ डिसेंबर
खाडीवाला वाढतोय. खात्यावर नव्या ओळी आल्या आहेत, तारखा मात्र निकेत घरी होता तेव्हाच्या. बोटी, साहेब, शिव्या, सगळं माझ्याच वळणाचं. मी यातलं अक्षरही लिहिलेलं नाही. सर फोन उचलत नाहीत. ऑफिसला कुलूप. शेजारचा दुकानदार म्हणतो, इथे ऑफिस कधी होतं?

६ डिसेंबर
निकेतच्या वकीलबाईंना फोनवर सगळं सांगितलं. म्हणाल्या, तुमच्या जबाबावरच तो सुटेल. उद्या अलिबागला जाणार. माझं जे व्हायचं ते होवो.

संध्याकाळी — आणखी एक ओळ. तारीख तीस नोव्हेंबर. काल ती नव्हती, मी शपथेवर सांगते, नव्हती. 'हे सगळं मला माडीवरच्या सुचिताताईनं शिकवलं.'
सुचिता मी.
म्हणजे आता माझा जबाब — आरोपीचा जबाब. कोण ऐकणार?

७ डिसेंबर, सकाळी
बाईंना कुणीतरी ती ओळ दाखवली आहे. अंगणात उभ्या राहून वर बघतायत. खाली गेले. म्हटलं, खातं माझं आहे, निकेतचा काही संबंध नाही. पहिलं वाक्य त्यांनी ऐकलं. दुसरं —
ऐकलंच नाही.

वकीलबाईंचा फोन लागत नाही. खात्यावर माझा फोटो. याच खिडकीतला. कुणी काढला —

गाडी थांबली. बूट वाजतायत. या माडीला दुसरा जिना नाही. मी ओरडून सांगतेय, निकेतनं काही केलेलं नाही, लिहून घ्या, निकेतनं —
बाईंचा आवाज. वरच हाय ती, म्हणतायत. स्वतः पुढे होऊन त्यांना जिना दाख