आडवी ठेवलेली बाटली

७ मार्च, शुक्रवार
रविवारी सोळा तारखेला गावातल्या बायकांचं मतदान. दारूचं दुकान बंद करायचं तर आडव्या बाटलीवर शिक्का, चालू ठेवायचं तर उभ्या. पुढारीण मीच. चौथी शिकले म्हणून काय झालं? दुकान गेलं की माझा नवरा हैबती सुटला. पिण्यासाठी पोलादपूर गाठेल एवढा काय तो वाईट नाय.
आज दीर राजेश बोटीवरून सुट्टीवर आला. भावाला स्कॉच आणली! मी हिसकावली. उद्या ओतणार.

८ मार्च
ओतली नाय. पोरीने, अंकिताने, खोक्यावरचं वाचून दाखवलं. अठरा वर्षं लाकडी पिंपात मुरवली. पिंपात आधी शेरी नावाची द्राक्षाची दारू होती म्हणे. माझी पोरगीसुद्धा एवढी जुनी नाय.
भाषणात शिव्या द्यायच्या तर चव माहीत पायजे. खोकल्याच्या औषधाचं टोपण भरून घेतली. मनुका, जायफळ, मागून सुंठ. बाळंतपणात आई काढा द्यायची तसंच. घाण.

१० मार्च
एकदा चाखून नीट कळत नाय. दोन टोपणं. आज जुन्या पेटाऱ्याचा वास, मग गूळ.
भाषण लय जोरात झालं. महिला मंडळातली ठमाबाई म्हणाली, "गो, तुझ्या अंगात आलंय काय?" औषध घेतलंय म्हटलं. खोकला होताच थोडा.

११ मार्च, दुपार
हैबती दुकानासमोर पडला. चौघांनी उचलून आणला. मागून अंकिता त्याच्या चपला घेऊन आली. रडली नाय. रडली असती तर बरं होतं.
तीन टोपणं. आज चव कळली नाय.

१३ मार्च
फडताळात बाटली उभी! आपण प्रचार करतो आडवीचा. शोभत नाय. ट्रंकेत आडवी घातली, वर मतदानाची मोरपंखी साडी. आता हात लावणार नाय. पक्कं.

१६ मार्च, सकाळी ६
बूच गळलं. साडी भिजली. दुसरी नेसता येत नाय, मंडळाने सगळ्यांना हीच ठरवलीय. चुलीपुढे वाळवली. वास गेला. मला तरी येत नाय.

संध्याकाळी ६
रांगेत ठमाबाईने पदर नाकाला लावला. "बघा गो, पुढारीणच टाकून आली!" मी सांगितलं, बाटली आडवी होती म्हणून गळली. जास्तच हसल्या. आमच्या बाजूची रेश्मा चिडून तिच्या वाडीतल्या बायका घेऊन मत न देता घरी गेली.
यादीतल्या सगळ्या बायकांच्या निम्म्याच्या वर मतं लागतात. एकोणीस कमी पडली. दुकान राहिलं.

१७ मार्च
हैबती दुकानाकडे निघाला. दारात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मायेने बोलला, "तुला आणू काय गो?"
अंकिता पुस्तकातून मान वर करून बघत होती.
नको म्हटलं.
तो पायऱ्या उतरला. तेव्हा मागून हाक मारली. छोटी आण म्हटलं.