चौथ्या प्रयत्नातली वांगी

मॅडम,

काल अकोल्यात जेवण झाल्यावर एकेचाळीसच्या एकेचाळीस शिक्षक परत हॉलमध्ये आले. यात काय मोठं, असं दुसरा कोणी म्हणेल, तुम्ही म्हणणार नाही. अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवणाऱ्यांची प्रशिक्षणं कशी होतात ते तुम्ही जन्मभर पाहिलंत. सकाळी चहा, हजेरीच्या कागदावर सकाळच्या सहीला लागूनच दुपारचीही सही, एक लांबलचक भाषण, मग जेवण, आणि हात धुता धुता प्रत्येकाला आपापल्या गावची एसटी आठवते. यंदा समन्वयक सरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "मॅडम, या टायमाले बी अर्धे पळाले तं पुढच्या वर्षीपासून सगळ्यायले एक व्हिडिओ पाठवून देऊ. घरी बसून पाह्यतीन." प्रयोग हाताने करायला लावणारं प्रशिक्षण मला घेऊ द्या म्हणून मी दोन वर्षं अर्जावर अर्ज केले होते. ते सगळं त्या एका दुपारवर येऊन टेकलं होतं.

तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली. मला शिकवत होतात त्या तुमच्या वयाची मी आता आहे आणि वर्गात तुमच्यासारखीच टेबलाला टेकून उभी राहते, हे माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक नाही. पण काल सगळा दिवस मी बारावीतलीच होते. तो रविवार आठवतो का? शनिवारी मी वही दिली होती, आरशात पाहून तारा गिरवण्याच्या प्रयोगाची. आकृत्या रंगीत पेन्सिलींनी नटवलेल्या, तक्ता सुबक, दहा प्रयत्नांत चुका कशा पायरी पायरीने कमी होत गेल्या ते दाखवणारा आलेख तर अगदी पुस्तकातल्यासारखा. प्रयोग मी केलाच नव्हता. घरी दुपारी जेवणाची वाट पाहत बसल्या बसल्या आकडे लिहून काढले होते. तारा गिरवणाऱ्याने शेवटी आपल्या मनात काय काय झालं ते लिहायचं असतं, तिथे काही सुचेना. आई चुलीवर भरताची वांगी भाजत होती. मी लिहून टाकलं, "शेजारून वांगी भाजल्याचा वास आल्यामुळे चौथ्या प्रयत्नात लक्ष विचलित झाले व चुका वाढल्या."

तुम्ही वही चाळता. ओरडत नाही. फक्त विचारता, "हे आकडे कोनाचे हायेत?" मी वहीच्या कव्हरकडे पाहते. "मानसाचे तं दिसून नाही राहिले. उद्या घरी ये." आणि रविवारी अमरावतीच्या त्या तुमच्या स्वयंपाकघरात, अर्धे सोललेले वाटाणे बाजूला सारून, तुम्ही तुमच्या यजमानांचा दाढीचा आरसा कुकरला टेकवून उभा केलात. लग्नपत्रिकेच्या पाठीवर तारा काढलात आणि स्वतः माझ्यासमोर बसलात. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला पुस्तकात 'प्रयुक्त' म्हणतात, तुम्ही 'आपला पाहुणा' म्हणायच्या. त्या दिवशी माझ्या पाहुण्या तुम्हीच. पेन्सिल वर न्यायला जावं तर खाली येते, तुम्ही आपल्याच हाताला दटावता, आणि मी घड्याळ धरून हसते आहे. नंतर चहा देताना तुम्ही म्हणालात, "आकडे वाकडेतिकडे आले तं येऊ दे. पन आलेले पाह्यजेत." पुढे मी मानसशास्त्र घेतलं ते त्या चहापायी, असं मी लोकांना सांगते आणि ते खरंच आहे.

खोटी वही फाडून टाक, असं तुम्ही बजावलं होतं. मी फाडली नाही. आकृत्यांवर इतका जीव ओतला होता, फाडवेना. पुढच्या वर्षी धामणगावच्या एका मुलीने आकृत्या बघायला म्हणून मागितली, तिला देऊन टाकली आणि विसरले.

कालच्या प्रशिक्षणाला मी प्रत्येकाला आपल्या कॉलेजमधली एक प्रात्यक्षिकाची वही आणायला सांगितली होती. सकाळी लोक चहा पीत होते तेव्हा मी सहज गठ्ठा चाळायला घेतला. तिसऱ्याच वहीत थांबले. चौथ्या प्रयत्नात वांगी भाजली होती. मला वाटलं, डोळे दगा देतायत. पुढे सातव्या वहीत वांगी, आठव्या वहीत वांगी. एका वहीत नक्कल करणाऱ्याला अक्षर लागलं नसावं, तिथे वांग्यांची रांगोळी झाली होती आणि तिचाही वास येत होता. धामणगावची वही, तेल्हाऱ्याची वही, खुद्द अकोल्यातल्या तीन वह्या. माझे आकडे, माझा आलेख, माझ्या आईची वांगी. पंचवीस वर्षं वऱ्हाडातली पोरं माझ्या भुकेची नक्कल करत होती आणि आम्ही शिक्षक त्याखाली तपासल्याची सही करत होतो. मोजलं तर एकेचाळीसपैकी सतरा. परत एकदा मोजलं, आणि मोजता मोजता इतकं हसू आलं की मी पदर तोंडाशी धरला.

भाषण मी बाजूला ठेवलं. उभी राहिले आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं, मग दुसऱ्या वहीतून, मग तिसऱ्या. पाचव्या वहीपर्यंत हॉल खदखदून हसत होता, पुढे एकेकाचा चेहरा उतरायला लागला, कारण ज्याला त्याला आपली वही ओळखू यायला लागली होती. तेल्हाऱ्याचे एक सर उठले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, पांढरा सदरा, आवाज चढलेला. "मॅडम, तुमी हसून राहिल्या, पन आमच्याकडे सामान कुठी हाय? मी इतिहासाचा मानूस. हा विषय मले चिकटवून देला. मले कोनं शिकवलं का कधी? मंग पोट्ट्यायले मी काहून दोष देऊ?" दोन-चार माना डोलल्या. आता मी काही उपदेश केला असता तर जेवणानंतर त्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या, हे मला लख्ख दिसत होतं.

मी म्हटलं, "सर, दोष माझा आहे. ही वांगी माझी आहेत." आणि सगळं सांगितलं, शनिवारची वही, कुकरला टेकवलेला आरसा, तुमचा प्रश्न, फाडायची राहिलेली वही. सांगताना माझे कान तापले होते. एकेचाळीस लोकांना प्रामाणिकपणा शिकवायला आलेली बाई सांगत होती की खोट्याचा उगम तीच आहे. मग मी एवढंच म्हटलं, "जेवणानंतर आरसे काढू. ज्यांना जायचंय त्यांनी जावं, दुपारची सही तुम्ही केलेलीच आहे."

मॅडम, जेवायला मी गेलेच नाही. मी हॉलच्या दाराशी उभी राहून येणारे मोजत होते. दहा आले, वीस आले, मग बराच वेळ कोणी नाही. मग एकदम घोळका आला. आरसे मी पंधराच आणले होते. बायकांनी पर्समधले काढले, आणि एका तरुण सरांनी खाली जाऊन मोटारसायकलचे दोन्ही आरसे खोलून आणले. सगळ्यांत शेवटी तेल्हाऱ्याचे सर, हातात पिशवी. मला वाटलं निरोप घ्यायला आलेत. त्यांनी पिशवी खिडकीत ठेवली आणि म्हणाले, "माही एसटी गेली. द्या तो आरसा."

त्यानंतरचे अडीच तास मला कोणी जन्मभर दिले तरी चालतील. चाळीस-पन्नाशीचे लोक आरशात बघून घाम गाळत होते, एकमेकांच्या चुका जोरजोराने मोजत होते, घड्याळावरून भांडत होते. तेल्हाऱ्याचे सर पहिल्या प्रयत्नात ताऱ्याच्या बाहेरच जाऊन बसले. "अरे, हातच आयकून नाही राहिला माहा." पण उठले नाहीत. दहाच्या जागी बारा वेळा गिरवलं. आकडे पुस्तकाप्रमाणे मुळीच आले नाहीत, सातव्या वेळी चुका वाढल्या, डाव्या हाताने उजव्यापेक्षा बरं जमलं. त्यांनी पेन हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "आता काय लिहू?" मी म्हटलं, "झालं ते." मनात काय झालं त्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "राग आला. मग लाज वाटली. मग मजा आली." मी ते दोनदा वाचलं. त्यांनी वही मिटली आणि हळूच म्हणाले, "शिकनं कसं असते, हे मी इतके वर्सं पोरायले लिहून देलं. मले आज समजलं."

संध्याकाळी समन्वयक सर आले तेव्हा हॉलमध्ये तिसरी फेरी चालली होती आणि कोणी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. ते दाराशीच उभे राहिले थोडा वेळ. आज सकाळी त्यांचा फोन आला. व्हिडिओ होणार नाही. पुढचं प्रशिक्षण अमरावतीला, पूर्ण विभागाचं, तीन दिवसांचं, आणि आरसे त्यांच्याकडून. फोन ठेवून मी घरात एकटी असताना टाळी वाजवली. आपण जिंकलो, मॅडम. हे मी तुम्हाला सोडून कोणालाही इतक्या उघडपणे म्हणणार नाही.

आता राहिलं एवढंच. तुम्ही घेतलेलं शेवटचं प्रशिक्षण अमरावतीलाच होतं. मी अकोल्यात नुकती नोकरीला लागले होते आणि पहिल्या रांगेत बसले होते. जेवताना तुम्ही माझ्या ताटात एक पोळी वाढून म्हणालात, "दुपारी आरसे काढतो आपन. लोकं राह्यतीन का नाही कोनाले मालूम, तू तं ऱ्हाय माह्यासंग." मी हो म्हटलं. मग हात धुतले आणि अकोल्याच्या गाडीत जाऊन बसले. घरी काहीही काम नव्हतं, सगळे निघाले म्हणून मी निघाले. त्या दुपारी तुमच्यासमोर किती जण उरले होते, हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही. काल दाराशी उभी राहून मोजताना मी गाडीत जाऊन बसलेल्या त्या मुलीचीही वाट पाहत होते. तुम्ही आज असतात तरी हे पत्र मी पेटीत टाकलं नसतं, मॅडम. तुम्ही वाचून नेमकं विचारलं असतं, की मग हो काहून म्हटलं होतं.