सदर गृहस्थांस मी ओळखतो

चि. भाचीबाईंस मामाचे अनेक आशीर्वाद. तुझी पाठदुखी कशी आहे? ऑफिसात खुर्ची बदलून मागितलीस का?

आधी एक गंभीर तक्रार. तू पाठवलेल्या अर्जाच्या नमुन्याला टाचणी उलटी लावली होतीस. सव्वीस वर्षं खडू धरलेला माझा अंगठा रक्तबंबाळ झाला (तुझी मामी त्याला ठिपका म्हणते, तिचं काळीजच दगडाचं).

नमुन्यात तू सांगतेस की अर्जासोबतचं पत्र एका पानात आटपावं आणि स्वतःला 'उत्साही, होतकरू' म्हणावं. मी म्हणणार नाही. चोपन्नाव्या वर्षी माणूस होतकरू नसतो. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. शाळेने संस्कृत बंद करून मला घरी बसवलं, म्हणून मी स्वतःची दवंडी पिटायची की काय?

तरी तुझ्या शब्दाखातर बसलो. पण दर निकालानंतर मुलांना शिफारसपत्रं लिहून देणारा हात तो, आपल्या वळणाने गेला. "सदर गृहस्थांस मी लहानपणापासून ओळखतो. पाठांतर उत्तम. वक्तशीरपणा दुपारच्या जेवणापर्यंत. वरिष्ठांशी वाद घालतात, परंतु विनाकारण नव्हे." खाली सही, फोन नंबर, आणि पाकीट टपालात. (शिफारसपत्र एकटंच जातं, या सवयीने अर्ज टेबलावरच राहिला.) कच्चा कागद वाचून मामीने "हे कुणासाठी?" विचारलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

काल, जिथे अर्ज करायचा होता, त्या शब्दकोशाच्या कचेरीतून फोन. बाई म्हणाल्या, "सर, इतकं खरं कुणी लिहीत नाही हो. त्या गृहस्थांचा अर्ज आलेला नाही, पण सोमवारी त्यांना मुलाखतीला पाठवाल का?"

मी म्हटलं, "विचारून सांगतो."

"विचारा मग," मामी दारातून म्हणाली, "घरीच आहेत."

तेव्हा तुझा नमुना टाचणीसह परत पाठवत आहे. त्या बाईंना एका अक्षराचाही खुलासा मी करणार नाही. होतकरूंच्या गठ्ठ्यातून माझंच पत्र वर आलं, हे ध्यानात ठेव. कळावे, लोभ आहेच, तो अंगठ्यामुळे किंचित कमी.

ता. क. सोमवारी रजा काढ आणि माझ्याबरोबर चल. बाहेर बाकावर बसलीस तरी पुरे.

आणखी एक. त्या गृहस्थांबद्दल लिहिताना माझा हात एकदाही अडला नाही. समोर बसून 'मी' म्हणायची वेळ आली की काय सांगू, ते सुचत नाही. या वयात मला आता कुणी कामावर घेणार नाही, अशी भीती वाटते.